मागच्या सीटवरची डाळिंबं

भिगवण, बुधवार संध्याकाळ

प्रवासावरच्या संशोधनाला पैसे पुरवणारी संस्था म्हणते, प्रश्न कॉलेज आणि गावकरी मिळून ठरवतात. खरंच? तेच तपासायला बाहेरची परीक्षक म्हणून आज शेळगावला गेले. कॉलेजचे प्रश्न नेहमीचेच : कुठं जाता, कशानं जाता. गावातल्या सुंदराताईंनी त्यात एक घातलेला : "जायचं हुतं पन ऱ्हाऊन गेलं, असं कुठं?"

भारी वाटला. त्यांनाच विचारला.

"भिगवणला. लेक दिलीया तितं. दोन येस्ट्या बदलाय लागत्यात, दिस मोडतो."

मान डोलावली. संस्थेला चांगला शेरा द्यायचं ठरवलं आणि संस्थेच्याच गाडीनं थेट भिगवणला मुक्कामाला आले. मागच्या सीटवर सुंदराताईंनी दिलेली डाळिंबं तेवढी.

त्यांना सोबत घ्यावं, हे मला सुचलं नाही. पण गाडी कुठं चाललीय, हे निघताना मीच त्यांना सांगितलं होतं. मग डाळिंबं ठेवताना त्या बोलल्या का नाहीत?