कप्तानाचा रिकामा फुगा

ता. ११ मार्च, मंगळवार

चि. खारूस,

आईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. इथे दोघांचं बरं चाललं आहे. बाबांचा गुडघा होता तसाच आहे. जिना मोजून चढतात आणि दर मजल्यावर जो भेटेल त्याला आकडा सांगतात. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, मी दोरा गुंडाळून थांबवला. प्लंबरला बोलावलं नाही.

तू विचारलंस ते खरं आहे. तुझ्या चित्रकथेखाली लिहिणारी ती आजीबाई मीच. 'सर्व वाचकांस आशीर्वाद' अशी सुरुवात करून मोबाईलवर प्रतिक्रिया लिहिणारी दुसरी कोण असणार, असं तू लिहिलंस. मला वाटलं चारचौघांत लिहायचं तर रीतीने लिहावं.

बाबांनी पहिला भाग दाखवला तेव्हा कोणता चौकोन आधी वाचायचा हेच मला कळेना. मी खालून वर वाचला. माणसं आधी मेली आणि मग बोलायला लागली. ज्या गेमवरून तू ही कथा काढतेस तो बाबा शिकले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मालवाहू यान ग्रहावर आपटलं. "ब्रेक कुठेच दिसला नाही," म्हणाले.

पुढे पुढे मला चित्रांपेक्षा खालचं वाचायचीच सवय लागली. शुक्रवारी नवा भाग येतो, तेव्हा देवाचं आटोपलं की चष्मा लावून बसते. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. चांगलं बोलणारे डावीकडे, वाईट बोलणारे उजवीकडे. उजवीकडचा रकाना दोनदा पुढच्या पानावर न्यावा लागला.

गेममध्ये म्हणे दुरुस्तीला नुसता एक लोखंडी हात येतो, त्याला तोंड नाही. तू त्याच्या जागी मिस्त्रीणबाई आणलीस आणि लोक पेटले. 'आमच्या लाडक्या हाताचं वाटोळं केलं.' 'अंतराळात ही कुणाची मावशी घुसली?' एकाने तर लिहिलं, 'मी बारा वर्षं हा गेम खेळतोय, हिने बारा मिनिटं तरी खेळलाय का?' उत्तर द्यायला माझे हात शिवशिवले. दहावीच्या वर्षात तू हाच गेम चोरून खेळायचीस आणि मी संगणकाची वायर पिठाच्या डब्यात लपवायचे, हे त्याला कोण सांगणार?

सहाव्या भागानंतर तोच माणूस लिहितो, 'ही बाई वाकडे खिळेसुद्धा ठोकून सरळ करून ठेवते. माझी आई अशीच होती.' त्याला कोणत्या रकान्यात घालावं ते कळेना. मधल्या रेघेवर लिहिला.

चष्म्याला दोरा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली ती बाई कोण, ते मी पहिल्याच भागात ओळखलं होतं. कुणाला बोलले नाही.

मग नववा भाग. यानाला बाहेरून भोक पडतं. मिस्त्रीणबाई ते बुजवायला निघते आणि दाराशी उभी राहून तरुण कप्तान पोरीला म्हणते, "येते." कप्तानाच्या तोंडापाशी बोलणं लिहायचा फुगा आहे, पण आत अक्षर नाही. दहाव्या भागात बाई परत येत नाही. त्यावर जो गदारोळ झाला तो मी दोन शुक्रवार वाचत होते. 'येते म्हणाली म्हणजे येणारच.' 'लेखिकेने फसवलं.' 'फुग्यात लिहायला विसरले, एवढं साधं काम जमत नाही.'

मला राहवलं नाही. मी लिहिलं, 'सर्व वाचकांस आशीर्वाद. घरातून निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. त्यात परत येण्याचा वायदा नसतो. आपली माणसं मागे आहेत एवढंच त्यात असतं.' सरळ गोष्ट लिहिली. त्यावर चारशे उत्तरं आली. 'म्हणजे मिस्त्रीणबाई मेली?' 'आजीबाई कंपनीतल्या आहेत, यांना सगळं माहीत आहे.' 'आजीबाईंनी पुढचं आधीच फोडलं, स्पॉइलर दिला.' स्पॉइलर म्हणजे काय, बाबांना विचारलं. ते म्हणाले, गाडीच्या मागे असतो. मी कुणाला गाडीचं काही दिलेलं नाही, असं लिहिणार होते, पण बाबा हसायला लागले तेव्हा काहीतरी चुकतंय हे कळलं.

आता तुझ्या पत्राचं. पुस्तक निघणार आहे आणि त्यात तो फुगा भरून द्या असं तुझे संपादक म्हणतात. वाचकांनी मतं देऊन 'लवकर परत या' हे वाक्य निवडलंय. आणि तू मला विचारतेस, आई, कप्तानाने काय म्हणायला हवं होतं?

तीन दिवस झाले, मी या ओळीपाशी येते आणि उठून काहीतरी पुसायला घेते.

खारू, तू चित्र उलटं काढलंस. जाणारीला माझा चेहरा दिलास आणि गप्प राहणारीला तुझा. लोक कप्तानाला काय काय बोलले, कृतघ्न म्हणाले, दगड म्हणाले. ते तू स्वतःवर घेतलंस. पण गेलीस तू. त्या दिवशी सकाळी बॅग घेऊन दाराशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, येते." गप्प राहिले मी.

चार वर्षं सगळ्यांना सांगत आले की मी जपाला बसले होते, जप मोडून बोलता येत नाही. बाबांनाही तेच सांगितलं. तुझा फोन आला की मी पलीकडच्या खोलीतून "जेवली का विचारा" म्हणते, ते ऐकून त्यांना वाटतं बाईचा राग नुसता वरवरचा आहे. खरं असं आहे की माळ केव्हाच संपली होती. तू चपला घालत होतीस तेव्हाच संपली. मी नुसतेच मणी ओढत राहिले. ओठ हलत होते आणि त्यात देवाचं नाव नव्हतं. पोरगी चांगली नोकरी सोडून चित्रं काढायला निघाली आहे, हिला 'ये' म्हटलं तर हिचं बरोबर ठरेल, एवढंच डोक्यात होतं. माझ्या हट्टाला मी देवाचा आडोसा केला. देवाला ते मी सांगितलं आहे. तुला सांगायचं राहिलं होतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. फुगा भरू नकोस. संपादकांना सांग, ही छापण्यातली चूक नाही. कप्तानाला शब्द येत होता, तिने तो दिला नाही. लोकांना चिडू दे. ज्यांनी कुणाला असंच दारातून जाऊ दिलं असेल, त्यांना तो रिकामा फुगा बरोबर वाचता येईल. मतं देऊन निवडलेलं वाक्य घातलंस तर माझी चूक छान झाकली जाईल. ती झाकायची नाही.

आणि माझ्यापाशी जो शब्द होता तो मी कागदावर लिहून पाठवणार नाही, पुस्तकात तर नाहीच. बाबांनी रविवारच्या सकाळच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. तुझा पत्ता पाकिटावर आहे. तिसरा मजला आहे म्हणतात, म्हणजे बाबा जिना मोजणार आणि आम्ही येतोय हे साऱ्या इमारतीला आधीच कळणार. तू रागात असशील तर दार उघडायला हवा तेवढा वेळ घे. मी उभी राहीन. मला घाई नाही.

तुझ्या दाराशी यायला चार वर्षं उशीर केलेली,
आई