आण्णांच्या फेट्याची जर

रविवार, १२ ऑक्टोबर २००३

आमच्या वडिलांच्या, आण्णांच्या फेट्याची जर कापली! कशासाठी, तर मासे धरायला.

माझ्या धाकट्या भावाला, संजूला, महिनाभर हेच वेड लागलंय. गळाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळायची आणि वर कोंबड्याची पिसं बांधायची. शिशानं गळ खोल जातो आणि मोठ्या माशाला ती जिवंत मासोळीच वाटते म्हणे. आज त्या पिसांत जरीचे चार धागे दिसले. वर मलाच दाखवतो, "दादा, बघ की, कसलं चमकतंय!"

जर मी लगेच ओळखली. आण्णांनी मोठी कुस्ती मारली तेव्हा भर मैदानात बांधलेला फेटा तो. मी नाही ओळखणार तर कोण?

"लाज न्हाय वाटली तुला?" एवढा ओरडलो की शेजारी डोकावले.

तर आण्णा खाटेवरून म्हणतात, "त्येला कशाला वरडतोस? मीच कात्री लावलीय. पेटीत कुजण्यापरास पाण्यात चमकू दे की."

मी चिडलोय तरी नक्की कुणावर?

दर दिवाळीला त्या फेट्याला ऊन दाखवून, डांबरगोळ्या घालून मीच ठेवत आलो. माझ्या लग्नात बांधायला मागितला, तेव्हा हेच आण्णा म्हणाले होते, "नको, जर निघंल."

भाड्याचा फेटा बांधून बोहल्यावर चढलो मी.