दुसऱ्या साक्षीदाराची सही

आर्वो,

आईचं मुखत्यारपत्र घेऊन मी हँकॉकला वकिलाकडे चाललेय. त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि मुखत्यार मीच असल्यामुळे माझी सही चालत नाही, नात्यातल्यांचीही नाही. शेजारची हिल्मा तेवढी आली. घरी आलेल्या नोटरीबाईंनी तारीख-वार विचारला, आईने अचूक सांगितला. वर म्हणाली, "दुसरी सही हिच्या बाबांची, टोइवोची घ्या की. घटस्फोट दिलाय मी त्याला, आता कुठे नात्यातला राहिलाय तो?"

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून आम्ही हसलो.

दोघींना दारापर्यंत सोडून स्वयंपाकघरात आले, तर टेबलावरच्या कागदावर बाबांची सही. त्यांच्या डाव्या हाताखाली नेहमी फिसकटायची तशीच फिसकटलेली, शाई ओली. आईला तर पलंगावरून उठताही येत नाही.

तिला सूप गरम करून दे. तिच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत मात्र बसू नकोस. ती रिकामी नाही, असं आई म्हणते.

लेम्पी