बोइटांचे दोन वाटे

आये,

तुला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी नेमकं काय काम करतो ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू शेजारणींना सांगायचीस, "कंपूटरमंदी हाय. काय करतंय ते त्याचं त्यालाच ठावं." आता मी पनवेलातच असतो, तुझ्या मासळीबाजारापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका शोरूमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. छोटी कंपनी आहे, सतरा माणसांची. मासे परदेशी धाडणारे व्यापारी आमच्याकडे मालातला नखाएवढा तुकडा पाठवतात. लॅबमधली मुलं त्यातला डीएनए वाचतात आणि त्याची अक्षरांची लांबच लांब माळ माझ्याकडे येते. मी लिहिलेला प्रोग्राम ती माळ आमच्याकडच्या ओळखलेल्या माशांशी जुळवतो आणि सांगतो, खोक्यावर लिहिलाय तोच मासा आत आहे की भलताच. तू कल्ला वर करून एका नजरेत सांगायचीस, त्याला आम्हाला दोन दिवस आणि एसी लागतो. हस खुशाल.

माझं इथे बरं चाललंय ते तू दिलेल्या कानांवर. पाटीमागे बसून बसून मला कळायला लागलं होतं, कुठल्या बाईचं "नको" खरं आणि कुठलीचं भाव पाडण्यासाठी. अजून कळतं. आमच्या कंपनीत पैसे घालायला येणारा सुटाबुटातला माणूस "इंटरेस्टिंग" म्हणाला की मी मनात म्हणतो, चालला हा, आता चहा पिऊन जाईल. आजवर एकदाही चुकलो नाही. बाकीचे विचारतात, तुम्हाला कसं कळतं? मी हसून म्हणतो, अनुभव. कुठला अनुभव, ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात खारघरहून येणारी आमच्या लॅबमधली मुलगी माझ्या टेबलाशी आली. माझा प्रोग्राम बोइट माशांचे काही नमुने पुन्हा पुन्हा खराब म्हणून बाजूला काढत होता. माळ जुळली नाही की नमुन्यात काहीतरी मिसळलंय असं समजायचं आणि टाकून द्यायचं, हा नियम मीच घातलेला. ती म्हणाली, "सर, टाकलेले सगळे नमुने खाडीतले आहेत. समुद्रातला एकही नाही. एवढा नेमका कचरा असतो का?" मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि मला तुझी पाटी दिसायला लागली.

मी बारावीत आहे. तू फळीवर बोइटांचे दोन वाटे मांडतेस, वेगवेगळे, आणि मला दोन्हीकडचे मासे सारखेच दिसतात. समोर दोन गिऱ्हाइकं उभी आहेत आणि मी शहाणा म्हणतो, "आये, एकच मासा आहे हा. पुस्तकात एकच दिलाय." तू मान वर न करता म्हणतेस, "ह्यो खाडीचा, त्यो भायेरचा. दोगं येगलं हायत. तुज्या पुस्तकानं खाल्लाय काय कदी?" गिऱ्हाइकं हसतात. मला राग येतो. मी दोन्ही वाटे हाताने एकत्र करून टाकतो. तू मासे एकेक उचलून पुन्हा निवडतेस, आणि तुझा हात एकदाही अडत नाही.

बारावी संपली त्या जूनमध्ये मी कॉलेजचा फॉर्म घेऊन तुझ्यामागे खोक्यावर बसलो होतो. बाबा नव्हते, त्यामुळे सही म्हणून तुझाच अंगठा. "आईचा व्यवसाय" असा रकाना होता. तू विचारलंस, "काय लिवलंस रं?" मी वाचून दाखवलं, "मासळी विक्री." तू हात लुगड्याला पुसलास, अंगठा उठवलास, कागदाला एक खवला चिकटला तो मी नखाने खरवडून काढला. कागदावर मी लिहिलं होतं, गृहिणी.

आठवडाभराने एक बाई तुझ्याशी घासाघीस करत होती. मी मागे बर्फ फोडत होतो. तू मोठ्याने म्हणालीस, "अगो बाय, मना काय भाव इचारतंस? मी गृहिणी हाय. घरातलं मासं जरा हवा खायाला आनलंय!" आजूबाजूच्या सगळ्या जणी खदखदून हसल्या. ज्याच्या हातात मी फॉर्म दिला तो कॉलेजातला शिपाई तुझं रविवारचं गिऱ्हाईक होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तू माझ्याकडे वळून बघितलं नाहीस, आणि मीही ऐकलंच नाही असं दाखवून बर्फ फोडत राहिलो. पुढे अकरा वर्षं तू होतीस. तो विषय तू काढला नाहीस आणि मला काढता आला नाही. माझ्या शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांशी तोंडाला तोंड देणारी तू, एवढ्या एका गोष्टीवर गप्प राहिलीस, हे मला अजून टोचतं.

तर आये, मासे दोन आहेत. टाकलेले नमुने पुन्हा तपासले, ते खराब नव्हतेच. दोन माळा सरळ वेगळ्या. ऑफिसात टाळ्या वाजल्या. "कसं सुचलं?" असं विचारल्यावर मी म्हणालो, डेटा नीट बघितला.

काल त्या नव्या माशाची आमच्याकडची नोंद भरली. त्यात एक रकाना आहे, फरक प्रथम कोणी ओळखला: नाव, व्यवसाय. मी तुझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, मासळी विक्री. ती खारघरची मुलगी वाचून म्हणाली, "सर, ह्या कोण? तुमचंच आडनाव आहे."

मी म्हणालो, "आमच्याकडे हे आडनाव घरोघर असतं."

तो माझाच आवाज माझ्या कानांनी लगेच ओळखला. खोक्यावर बसून फॉर्म वाचून दाखवला होता, त्याच वेळचा. तेव्हा खोटं लिहून खरं वाचलं, काल खरं लिहून खोटं बोललो. ती मुलगी चांगली आहे, तिने मान हलवली आणि गेली. उद्या तिला सांगेन म्हणतो. म्हणतो, एवढंच.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? आणि तुला वाचता कुठे येत होतं. तुझे सगळे कागद मीच वाचून दाखवायचो, आणि माझ्या वाचण्याची तुला चांगलीच ओळख आहे.