शिक्षणाचा रकाना

सोलापूर, १२ जून २०२५

चि. शिवानीस, अज्जीचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

विसरण्याचा आजार मला झालाय असं डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि माझ्या पत्राला उत्तर टाकायला तीन आठवडे विसरलीस तू. आता तुझीच तपासणी करून घ्यावी म्हणते. हे ऐकून शेजारच्या अनसूयाबाई लिहिता लिहिता हसल्या. वर शाईचा डाग आहे तो त्यांचा.

फोनवर सांगितलं असतं, पण फोन धरून तुझा बाप सोमशेखर शेजारी उभा असतो, मग मी 'बरी हाय' म्हणून मोकळी होते. बातमी लई मोठी आहे. जुन्या गोळ्यांनी माझं पोट बिघडायचं, अन्नावर वासना राहिली नव्हती, म्हणून तुझी आई राजेश्वरी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे अक्कलकोटकडचे, कानडी बोलणारे. कागद चाळून त्यांनी विचारलं की अम्मा, तुम्ही सातवी पास, मग फेब्रुवारीतल्या तपासणीत एक वाक्य लिहा म्हटल्यावर कागद कोरा का ठेवलात? मी नेहमीसारखं म्हटलं की चष्मा घरी विसरला. ते म्हणाले, तो तर नाकावर आहे.

मग मी सुनेसमोरच बोलले. "मला अक्षर येत न्हाय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा, शिवानी. सोमशेखरची सोयरीक जुळवताना तुझ्या आजोबांनी परीक्षा न घेताच मला सातवी पास करून टाकलं, आणि पुढं तेच चालत राहिलं. बसची पाटी, गोळ्यांचं पाकीट, सगळं ते वाचायचे. ते गेल्यावर मी चुकीच्या बसमध्ये बसले, सकाळची गोळी संध्याकाळी घेतली. तुम्हाला वाटलं म्हातारी विसरायला लागली. मी वाटू दिलं. अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं. दूध मात्र दोनदा करपलं ते खरंच. मन जागेवर नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, त्यांच्या मते हा स्मृतिभ्रंश नाही, आजोबा गेल्यापासूनचं नैराश्य आहे. जुन्या गोळ्या हळूहळू बंद, नव्या सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तुझ्या बापाला पटलेलं नाही. मी गॅस पेटवू नये म्हणून राजेश्वरीचा स्वयंपाक झाला की रेग्युलेटर अजून त्याच्या कपाटातच जातो, आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात चार महिने पाहुणी. तपासणीत पास झाले तर मिळेल म्हणतो.

माया आहे तेवढी पुरे, पत्रं वाढव.
तुझी कमलम्मा अज्जी


कुर्डुवाडी, १७ जून २०२५

ती. अज्जीस, शिवानीचे शरणु शरणार्थी. वि. वि.

दवाखान्याच्या फॉर्मवरचा तो रकाना मी भरला होता. 'शिक्षण: सातवी.' मला पाढे येईनात तेव्हा तूच म्हणायचीस ना, माझ्यासारखी सातवी तरी हो! डॉक्टरांनी त्यावरूनच तुझे गुण मोजले. म्हणजे चार महिने तू ज्या गोळ्या गिळल्यास, त्या माझ्या अक्षरामुळे. पत्र वाचून ऑफिसात मान वर करवेना.

बाबांना फोन केला. तुला वाचता येत नाही हे त्यांना म्हणे तिसरीत असल्यापासून माहीत होतं. पण आईसमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी फॉर्म भरत असताना ते शेजारी उभे राहून काही बोलले नाहीत. रेग्युलेटरचं विचारलं तर म्हणाले, दूध करपलं तेव्हा घरभर धूर झाला होता, तो मी पाहिलाय. ते घाबरलेत गं. रागावू नकोस.

नव्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मनानं बंद करू नकोस, आणि जुन्याही एकदम टाकू नकोस. आईला सकाळच्या पाकिटाला लाल दोरा आणि रात्रीच्याला निळा बांधायला सांगितलंय.

तुझे टोमणे असेच येत राहोत.
तुझीच शिवानी


सोलापूर, २० जुलै २०२५

चि. शिवानीस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या रकान्याचं मनाला लावून घेऊ नकोस. खोटं माझं होतं, तू फक्त सुवाच्य लिहिलंस.

नव्या गोळ्यांनी पहिले पंधरा दिवस लई छळलं. तोंडाला कोरड, बसल्या जागी डुलक्या. सोमशेखर म्हणायला लागला की बघ, पहिलेच डॉक्टर बरोबर होते. मी पाकीट कचऱ्यात टाकायला उठले होते, राजेश्वरीनं हात धरला. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी अर्धी केली आणि सकाळची रात्री दिली.

मग मागच्या गुरुवारी आजोबांची पेटी उघडली आणि दुपारभर रडले. ते गेले तेव्हा रडले नव्हते, तुला आठवत असेल. सगळे म्हणाले, अज्जी किती घट्ट. दुसऱ्या दिवशी भूक लागली. दुसरी भाकरी मागितली तर राजेश्वरी वाढायचं सोडून माझ्याकडं बघत बसली.

तपासणीची भीती मात्र आहे. नापास झाले तर रेग्युलेटर कपाटातच राहायचा.

अज्जी


सोलापूर, २३ सप्टेंबर २०२५

चि. शिवानीस, पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल घटस्थापनेदिवशी तपासणी झाली. कागद-पेन नाही. काड्या मांडून दाखवल्या तशा मांडायच्या, पाच वस्तू ऐकून नंतर सांगायच्या. तारीख विचारली, म्हटलं, इंग्रजी तारीख मला कधीच येत नव्हती, पण काल अमावास्या झाली, आज घट बसले. त्यांनी कॅलेंडर बघून मान डोलावली. शेवटी एका हरवलेल्या बैलाची गोष्ट सांगितली आणि थोड्या वेळानं मला सांगायला लावली. मी सगळी सांगितली, वर विचारलं की बैल सापडला, पण दावं कुणी तोडलं ते तुम्ही सांगितलंच नाही. डॉक्टर म्हणाले, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

स्मृतिभ्रंश खोडला. नैराश्य आहे, उतरतंय, गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघणार, बघू देत. आणि शिक्षणाच्या रकान्यात मी त्यांना 'निरक्षर' लिहायला लावलं, मोठ्या अक्षरात. बाहेर बाकावर माणसं बसली होती, तिथं राजेश्वरीला ते खणखणीत वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. माझी मान कुठंही गेली नाही, होती तिथंच राहिली.

घरी आल्यावर सोमशेखरनं रेग्युलेटर बसवला. दोनदा तपासला. मग दारात उभा राहिला, तर त्याला म्हटलं, पाहुण्यांनी बाहेर बसावं. कडक भाकरी केल्या, चाळीस. पहिली करपली, मी सांगितलं नसतं तर राजेश्वरीनं सांगितलंच असतं. तिसरीपासून हात बसला. सोमशेखर शेवटच्या भाकरीपर्यंत बाहेर बसून होता, मग आत येऊन ती करपलेलीच उचलून खाल्ली.

आता सगळे मला अक्षर शिकवायला निघालेत. मी म्हटलं, आधी तुम्ही भाकरी थापायला शिका, मग बघू.

अनसूयाबाईंचा हात दुखला, म्हणून माया इथंच आवरते.
तुझी निरक्षर अज्जी

ता. क. दसऱ्याला येशील तेव्हा चटणीसाठी दोन किलो शेंगदाणे आण. कच्चे आण, भाजलेले नकोत. भाजायला मी आहे.