टाकीवरची पाटी

३ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. रंगाच्या कारखान्यात मला स्वतःचं टेबल मिळालंय, खिडकीजवळचं! काम मजेशीर आहे. सुरक्षेच्या सगळ्या सूचना, पाट्या, परवाने, कामगारांना समजेल अशा भाषेत लिहायचे. आधीच्या माणसाने हेल्मेटला 'शिरस्त्राण' लिहून ठेवलं होतं. कामगार म्हणे विचारायचे, लढाई कधी आहे? ती पाटी मी पहिल्याच तासात बदलली. सुरक्षा अधिकारी साहेब हसले आणि म्हणाले, असंच हवं.

आत्याकडे वरची खोली मिळाली आहे. खोलीला लागूनच गच्ची आहे. आत्याने जेवताना विचारलं, तुझं काम नेमकं काय गं? मी सांगितलं, माणसं मरू नयेत म्हणून शब्द शोधायचे. ती म्हणाली, मग घास गिळ आधी, शब्द काही पळून जात नाहीत.

५ मार्च, बुधवार

आज मास्तर भेटले. ते टाक्या धुणाऱ्या तुकडीत आहेत आणि वय पन्नाशीच्या पुढे. नाव वेगळंच आहे, पण कारखान्यातली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वाचायला उशिरा शिकले, इथेच, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या नव्या पाट्यांचे पहिले वाचक तेच. एखादा शब्द अडला तर सरळ टेबलाशी येऊन उभे राहतात. मला हे फार आवडतं. आपलं लिहिलेलं कुणीतरी इतकं मन लावून वाचतंय!

११ मार्च, मंगळवार

मागच्या अंगणातल्या द्रावकाच्या टाक्या पाहून आले. टाकी रिकामी झाली की तिच्यात नायट्रोजन भरून ठेवतात, म्हणजे तळाशी उरलेल्या द्रावकाला आग लागायला हवाच उरत नाही. पाट्यांच्या यादीत या वायूपुढे 'इनर्ट' होतं. कोशात 'निष्क्रिय' सापडला. मला तो कोरडा, सरकारी वाटला. मी टाकीच्या पाटीसाठी 'निरुपद्रवी वायू' लिहिलं. सगळ्यांच्या तोंडातला शब्द आहे. साहेबांनी शंभर पाट्यांची यादी चहा पिता पिता सही करून परत दिली.

पाटी लागली तशी संध्याकाळी मास्तर टेबलाशी आले.

"बाई, निरुपद्रवी म्हणजे काही करत नाही तो, हो ना?"

"हो मास्तर. कुणाचं काही वाकडं करत नाही."

ते समाधानाने गेले. मीही.

१७ मार्च, सोमवार

मास्तर गेले.

सकाळी दहाच्या सुमारास टाकीचं झाकण उघडताना त्यांच्या हातातला पाना आत पडला. आत उतरायचा परवाना अजून यायचा होता. पाना उचलायला ते शिडीवरून चार पायऱ्या उतरले. टाकीत हवा नव्हतीच, नुसता नायट्रोजन. प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, या वायूला वास नसतो आणि गुदमरल्यासारखंही होत नाही. दोन श्वासांत माणूस खाली बसतो. कळतसुद्धा नाही.

सगळे त्यांच्याभोवती होते. मी पाटीसमोर उभी होते.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, चौकशी समिती परवा येणार आहे, त्याआधी ती पाटी बदला. आवाज चढवला नाही. उलट पाणी दिलं. म्हणाले, चूक दोघांची आहे, पण नोकरी तुमची नवी आहे. शब्द बदलला की विषय संपला.

मी पेचकस घेऊन गेले. चार स्क्रू होते. जुनी पाटी काढली, नवी लावली: 'आत हवा नाही. उतराल तर मराल.' हे वाक्य सुचायला मला अर्धं मिनिट लागलं. अर्धंच मिनिट.

जुनी पाटी भंगारात दिली. मग डबा उघडून नेहमीसारखी जेवले. त्याचीच जास्त लाज वाटते आहे.

२० मार्च, गुरुवार

समितीने मला एकच प्रश्न विचारला: टाकीवर सूचना होती का? मी 'होती' म्हणाले. ते खोटं नव्हतं.

अहवालात आलं: 'मयत कामगार सूचना न वाचता आत शिरला.'

साहेबांनी विभागातल्या सगळ्यांना खिशाला लावायचे वायुमापक दिले. काडेपेटीएवढं यंत्र आहे, हवेतला प्राणवायू दाखवतं. चांगल्या हवेत २०.९ टक्के. १९.५ च्या खाली गेलं की ओरडतं. मी ते लावून घरी आले. आकडा २०.९.

२४ मार्च, सोमवार

मास्तरांच्या बायकोने निरोप पाठवला होता, अहवाल वाचून दाखवायला या म्हणून. त्यांना अक्षर येत नाही. गेले. एक खोली, भिंतीला टेकवलेली सायकल, खुंटीला त्यांचा शर्ट. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर बसल्या.

मी वाचत गेले. त्या वाक्यापाशी आले तेव्हा थांबता येईना आणि वाचताही येईना. शेवटी वाचलं.

त्यांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "ते वाचायचे हो. प्रत्येक पाटी वाचायचे. घरी येऊन मला म्हणून दाखवायचे. बाईंनी किती सोपं लिहिलंय, म्हणायचे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाणी मागितलं, प्यायले आणि उठले. दारात त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही आलात, बरं वाटलं.

रस्त्यावर, भर चार वाजता, उन्हात, खिशातलं यंत्र ओरडलं. १९.३.

२५ मार्च, मंगळवार

भांडारातल्या माणसाने यंत्र तपासलं. त्याच्या हातात २०.९. माझ्या हातात १९.१. त्याने दुसरं दिलं. तेही तसंच. तो हसला, म्हणाला, बाई, तुम्ही हवा खाता की काय?

टेबलाजवळची खिडकी सताड उघडी. १८.८. शेजारच्या टेबलावरचा लिपिक दोनदा जांभई देऊन बाहेर गेला.

२७ मार्च, गुरुवार

मी यंत्र घरी, कपाटात ठेवून कामावर गेले. परत आले. जिना चढायला लागले तसं ते वरून ओरडायला लागलं. मी जवळ येतेय हे त्याला कळतं.

१७.६.

मला काहीच होत नाही. धाप नाही, चक्कर नाही. उलट झोप छान लागते. हेच मला सहन होत नाही. मास्तरांनाही असंच —

साहेबांना सांगितलं. म्हणाले, मनावर घेऊ नका, चार दिवस रजा घ्या. बोलता बोलता त्यांनी कपाळाला हात लावला आणि टेबलाची कड घट्ट धरली. मी लगेच उठून बाहेर आले.

२९ मार्च, शनिवार

दुपारी आत्या माझ्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. गप्पा चालल्या होत्या. ती म्हणत होती, तुझा बाप लहानपणी चोरी करायचा आणि मग स्वतःच रडत येऊन सांगायचा, त्याला मार कधी बसलाच नाही — आणि बोलता बोलता थांबली. मान छातीवर. ओठ निळसर.

मी तिला हाक मारली नाही. तिच्यापासून पळाले. अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि तिथून पाहत राहिले. मिनिटभराने तिने डोळे उघडले. म्हणाली, डुलकी लागली वाटतं.

यंत्रात १५.२ होतं.

माझ्याजवळ बसलेलं माणूस मरतंय. पुन्हा माझ्यामुळे. आणि मी अजूनही —

३० मार्च, रविवार

सगळं लिहिलं. शब्द माझा होता, मास्तरांनी तो वाचला होता, मला विचारला होता, मी हो म्हटलं होतं. पाटी नंतर बदलली, मी बदलली, साहेबांनी सांगितलं म्हणून. दोन प्रती. एक समितीला. दुसरी मास्तरांच्या बायकोला.

आत्याला दुरूनच सांगितलं, दोन्ही पाकिटं पोचव आणि काकाकडे राहा. तिने कारण विचारलं नाही. पाकिटं उचलून गेली.

लिहून झाल्यावर यंत्र पाहिलं. वाटलं होतं, वर चढेल.

१३.९.

३१ मार्च, सोमवार

गच्चीवर आहे. वर सगळं आभाळ. वारा आहे, दोरीवरचे कपडे हलताहेत — १२.०.

अक्षर वाकडं येतंय.

बरं वाटतंय. फार हलकं. दोन आठवडे छातीवर जे होतं ते आता — नाही. अपराधीही वाटत नाही. हे वाईट आहे. हे जायला नको होतं. तेवढंच माझ्याकडे —

११.४.

फाटक वाजलं.

मास्तरांची बायको. खाली. वर बघताहेत. हातात पाकीट. बंदच आहे. फोडलेलं नाही.

मी कशी विसरले. त्यांना वाचता — वाचायला माझ्याकडेच —

नको म्हणायला हवं. वर येऊ नका. ओरडले. ओरडले असं वाटतंय. आवाज ऐकू नाही आला, मलाच —

उठवत नाही.

जिना. एक एक पायरी. दमून थांबल्या. परत —

९.८

गच्चीच्या दारात आहेत. पाकीट पुढे करताहेत. चेहरा किती शांत. म्हणतात, बसते मी इथंच जवळ, तुम्ही सावकाश वा