बिनड्रायव्हरचा ट्रक

६ जाने.
नित्या येऊन पेनड्राइव्ह देऊन गेला. "ताई, जुना पिक्चर. तेव्हा आपटला, आता लोक पूजा करतात." घाटातला काळा ट्रक, आत कुणी नाही, माणसं मारत सुटतो. म्हटलं, मूर्खा, मला लालबागला डंपरने उडवल्याला वर्ष नाही झालं, पायात रॉड आहे, नि हे दाखवतोस सख्ख्या बहिणीला?

१० जाने.
लावला. लगेच बंद. ट्रक दिसलाही नव्हता. नुसतं धुकं, आणि खाली कुठेतरी गिअर बदलल्याचा आवाज.

११ जाने.
आज दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून पूर्ण पाहिला. काय बनवलाय! रक्ताचा थेंब नाही. ट्रक पंपावर येऊन नुसता उभा राहतो. इंजिन चालू. पंपाच्या केबिनमधल्या बाईच्या कपातली कॉफी थरथरते. मग हेडलाइट लागतात, सावकाश, डोळे उघडावेत तसे. भीती होतीच, पण गाभाऱ्यासमोर वाटते तशी. का मारतो, शेवटपर्यंत सांगत नाहीत. शहाणे लोक.

१७ जाने.
दादरला नित्याच्या सिनेमावेड्या ग्रुपचा शो, तोच पिक्चर. मोठा पडदा. ट्रकचं दार उघडतं, सीट रिकामी. सगळा हॉल शिट्ट्या मारतोय आणि मी सुन्न. माझ्या स्वप्नातला डंपरही असाच रिकामा असतो.
पण खऱ्या डंपरमध्ये होता की माणूस. उतरून धावत आला, माझं डोकं मांडीवर घेतलं. "मावशी, डोळे मिटू नका." आवाज आठवतो. चेहरा नाही. मीच पुसला.
बाहेर आल्यावर नित्याला सांगितलं. म्हणाला, "दोनदा आलेला तो हॉस्पिटलात. तूच आत सोडू नका म्हणालीस."

२० जाने.
वकील म्हणतात, केस चालू आहे, त्या ड्रायव्हरला भेटू नका. तरी नित्याकडून नंबर घेऊन फोन केला. वडाळ्याला राहतो. माझं नाव सांगितलं. मग, "पाय कसा आहे, मावशी?"
रविवारी ये म्हटलं. "बघतो" म्हणाला.

२५ जाने., रविवार
पोहे करून ठेवलेत. नित्या उगाच पंख्याखाली पेपर चाळतोय.
जिन्यात कुणीतरी आलंय. दाराशी येऊन थांबलंय. बेल वाजवत नाहीये.
मीच उठते.